ढगांआडचे बडोदे

बडोद्याचा इतिहास लिहिणाऱ्याला दोन पाण्यांचा हिशेब द्यावा लागतो. एक सयाजीराव महाराजांनी शहरात आणलेले आणि दुसरे विश्वामित्रीने आपणहून आणलेले. पहिल्याचा हिशेब सोपा आहे. आजव्याचे सरोवर १८९२ साली पुरे झाले, शहराला नळाचे पाणी मिळू लागले, आणि त्या कामाचे कागद आजही अभ्यासकाला पाहायला मिळतात. दुसऱ्या पाण्याची नोंद मात्र विस्कळीत आहे. पावागडच्या डोंगरातून येणारी ही नदी एरवी इतकी बारीक वाहते की नवखा माणूस तिला नाला समजेल. तिच्यात मगरी आहेत असे सांगितले, की तोच माणूस पुलावरून जाताना कठड्यापासून चार हात दूर चालतो. ३१ जुलै २०१९ रोजी चोवीस तासांच्या आत शहरावर सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मगरी रस्त्यावर आल्या. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर, आणि अर्धे शहर दोन-तीन दिवस पाण्यात उभे राहिले.

या दोन्ही पुरांच्या वेळी एक गोष्ट सारखीच घडली. शहर बुडत होते तेव्हा वरून त्याचे साधे छायाचित्रही घेता येत नव्हते. कारण उघड आहे. जो ढग पूर आणतो, तोच पूर झाकतो.

आपल्या देशाच्या अवकाश कार्यक्रमापुढे हा प्रश्न पहिल्यापासून होता. १७ मार्च १९८८ रोजी आय.आर.एस.-१ए हा आपला पहिला कामचलाऊ नव्हे तर खराखुरा, नियमित सेवेचा दूरसंवेदन उपग्रह तेव्हाच्या सोव्हिएत संघातील बैकानूर तळावरून सोडण्यात आला. त्या मालिकेतील उपग्रहांनी आपली जंगले मोजली, पडीक जमीन मोजली, गव्हाच्या पिकाचे अंदाज दिले. पण कॅमेरा तो कॅमेराच. त्याला उजेड लागतो आणि मध्ये आडपडदा चालत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भाताचे भवितव्य ठरते, धरणे भरतात, नद्या फुगतात, घाटात दरडी कोसळतात. आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत आपल्या उपग्रहांच्या डोळ्यांवर कापसाचा बोळा. युरोपातल्या देशांना ढगांचा उपद्रव आहे, पण त्यांचे सगळे वर्ष काही चार महिन्यांत सामावलेले नाही. मोसमी पावसाच्या देशाला ढगापलीकडे पाहणारा उपग्रह ही चैन नव्हे, हे त्या क्षेत्रातील जाणत्यांनी फार लवकर ओळखले होते. तो उपग्रह प्रत्यक्ष आकाशात जायला मात्र २०१२ साल उजाडावे लागले. त्या मधल्या काळाची हकीकत मला सांगायची आहे. तिचा बराच भाग बडोद्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत घडला, हेही एक निमित्त.

दुसरे निमित्त घरचे आहे. मी मूळचा बडोद्याच्या नागरवाड्यातला. एम.ए. तिथल्या विद्यापीठातून झालो, आणि नोकरीने नवापूरच्या बाजूला आणून टाकले. आमचे रेल्वे स्टेशन निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. नागरवाड्यात आत्याचे जुने घर आहे. आत्या आता नाही, पण आतेबहीण तिथेच राहते. २०२४ च्या त्या आठवड्यात तिचा फोन आला.

"दादा, गल्लीत पाणी भरलंय. खालचं सगळं माळ्यावर चढवलं."

"लाइट?"

"काल रात्रीपासून नाही. शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवर मोबाइल चार्ज केला. तिकडे टीव्हीवर काय दाखवतात? पाणी कुठवर आलंय?"

टीव्हीवर उपग्रहाने घेतलेले चित्र होते. गुजरातच्या जागी पिंजलेल्या कापसाचा एक प्रचंड ढीग दिसत होता.

"ढग दाखवतायत," मी म्हणालो.

"ढग तर मलाही दिसतायत हं, दादा."

तिच्या बोलण्यात चेष्टा होती, पण प्रश्न रास्त होता. ते चित्र हवामानाच्या उपग्रहाचे. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर एका जागी ठाण मांडून ढग दाखवणे हेच त्याचे काम, आणि ते तो चोख करतो. ढगाखाली काय चालले आहे हे सांगणारे उपग्रह वेगळे असतात. त्यांची बांधणी वेगळी आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या.

रडारची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत क्रिस्टियान हुल्समायर नावाच्या तरुणाने १९०४ साली कोलोन शहरात ऱ्हाइन नदीवर रेडिओलहरी सोडून समोरून येणाऱ्या बोटीचा ठाव लावून दाखवला. तेव्हा ते खेळणे ठरले. दुसऱ्या महायुद्धात त्याचे शस्त्र झाले. तत्त्व अगदी घरगुती आहे. गुजरातेतल्या एखाद्या खोल वावेच्या तोंडाशी उभे राहून हाक मारावी, प्रतिध्वनी किती वेळाने आला हे मोजावे आणि तळ किती खोल आहे ते ओळखावे. रडार हाकेऐवजी रेडिओलहर टाकते. ही लहर काही सेंटीमीटर लांबीची असते, आणि ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. एवढ्याशा थेंबांना ती लहर जुमानत नाही, सरळ पलीकडे जाते. शिवाय ती स्वतःचाच उजेड घेऊन जाते, त्यामुळे रात्र असो की दिवस, तिला फरक पडत नाही.

मग अडचण कुठे आली? चित्राच्या रेखीवपणात. वावेच्या तोंडाशी उभ्या माणसाला तळ किती खोल हे कळते, पण तळाशी पायऱ्या किती आहेत हे कळत नाही. पाऊण हजार किलोमीटर उंचीवरून बारा मीटर रुंदीच्या अँटेनाने चोवीस सेंटीमीटर लांबीची लहर सोडली, तर ती जमिनीवर पोहोचेपर्यंत जवळजवळ अठरा किलोमीटर पसरते. म्हणजे नागरवाडा, रावपुरा, मांडवी, सयाजीबाग, नदी आणि पलीकडचे अलकापुरी हे सगळे मिळून एक ठिपका! एखादे मोठे घर वेगळे ओळखायचे तर वीसएक किलोमीटर लांबीची अँटेना लागेल. ती कोण वर नेणार?

या कोड्यातून वाट काढली ती कार्ल वायली या अमेरिकन अभियंत्याने, १९५१ साली. आमच्या स्टेशनात न थांबता जाणारी गाडी शिटी देत येते तेव्हा तिचा सूर चढा असतो. समोरून निघून गेली की तो एकदम उतरतो. डोळे मिटूनही गाडी येते आहे की जाते आहे हे पोरेसोरे सांगतात. वायलीने ओळखले की विमान पुढे जात असताना समोरच्या वस्तूकडून परतणारी लहर किंचित चढी आणि मागे पडलेल्या वस्तूकडून येणारी किंचित उतरती असते. मग अठरा किलोमीटरच्या झोतात सापडलेल्या सगळ्या वस्तूंचे प्रतिध्वनी एकत्र आले तरी बिघडत नाही. प्रत्येकाचा सूर कसा बदलत गेला याची नोंद ठेवली तर गणिताने ते पुन्हा वेगळे करता येतात. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो. एखादे घर त्याच्या झोतात दोन-अडीच सेकंद राहते. तेवढ्या वेळात तो हजारो हाका मारतो आणि प्रत्येक हाकेचे उत्तर टिपून घेतो. ही सगळी उत्तरे एकत्र मांडली की जणू उपग्रहाने कापलेल्या त्या सगळ्या अंतराएवढी लांब एकच अँटेना तिथे होती असा परिणाम साधतो. यालाच कृत्रिम लांबीचे रडार म्हणतात. उपग्रह किती उंचीवर आहे याचा या रेखीवपणाशी संबंध उरत नाही, हा त्यातला सर्वांत नवलाचा भाग. मी इतिहासाचा माणूस. पण हे वाचले तेव्हा शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांचा मला पहिल्यांदाच हेवा वाटला.

अमेरिकेचा सीसॅट हा असे रडार नागरी कामासाठी वाहून नेणारा पहिला उपग्रह. तो २७ जून १९७८ रोजी सुटला आणि विजेच्या बिघाडाने १० ऑक्टोबरला गप्प झाला. साडेतीन महिन्यांत त्याने एवढे काही दाखवले की पुढची दोन पिढ्यांची कामे त्यातून निघाली. १९८१ च्या नोव्हेंबरात कोलंबिया या अवकाशयानावरच्या रडारने सहारा वाळवंटातील वाळूच्या थराखाली गाडलेली नद्यांची पात्रे दाखवली. अगदी कोरड्या वाळूत लांब लहर एक-दोन मीटर आत उतरते, त्याची ही करामत. तेव्हापासून आपल्याकडेही वाळवंटाखालच्या नद्यांची चर्चा पुष्कळ होते. त्याबद्दल इतिहासाच्या शिक्षकाने एवढेच म्हणावे, की रडार कोरडे पात्र दाखवते. त्यावर कोणत्या नदीचे नाव लिहायचे, हे ते सांगत नाही.

आता अहमदाबाद. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने तिथे जे काम उभे राहिले, त्यातून १९७२ मध्ये अवकाश उपयोजन केंद्र एकत्र आले. रॉकेट थुंब्याचे आणि उपग्रह बंगलोरचे हे आपण ऐकलेले असते. उपग्रहावरचे डोळे-कान बव्हंशी अहमदाबादचे हे कमी ऐकलेले असते. या केंद्राच्या इतिहासात दोन मराठी नावे ठळक आहेत. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे १९७५-७६ च्या ग्रामीण दूरचित्रवाणीच्या प्रयोगातील प्रमुख शिल्पकारांपैकी, आणि पुढे या केंद्राचे संचालक. ते २०२५ साली वयाच्या शंभराव्या वर्षी पुण्यात वारले. दुसरे प्रमोद काळे. जन्म पुण्याचा, पण मॅट्रिक झाले बडोद्याला १९५६ साली, आणि भौतिकशास्त्राची बी.एस्सी. पदवी घेतली तीही १९६० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची. इन्सॅट-१ प्रकल्पाची धुरा त्यांनी वाहिली, १९८४ मध्ये पद्मश्री झाले आणि नंतर तेही अहमदाबाद केंद्राचे संचालक होते. रडार उपग्रह या दोघांनी केला असे कुणी म्हणू नये. तो पुढच्या पिढीतल्या अनेकांचा. पण ज्या घरात तो जन्मला त्या घराच्या भिंती अशा लोकांनी बांधल्या, एवढे म्हणायला हरकत नाही. भास्कर-१ (१९७९) आणि भास्कर-२ (१९८१) या उपग्रहांवर समुद्रावरची बाष्पे मोजणारे सूक्ष्मलहरींचे उपकरण होते. ते स्वतः हाक मारीत नसे, नुसते ऐकत असे. ऐकण्यापासून हाक मारण्यापर्यंतचा प्रवास आधी विमानावर बसवलेल्या रडारने झाला आणि त्याला वर्षानुवर्षे लागली.

तोवर पावसाळ्यातील पुराचे नकाशे काढायला आपण कॅनडाच्या रडारसॅटसारख्या परदेशी उपग्रहांच्या प्रतिमा घेत होतो. हैदराबादेत बसून ब्रह्मपुत्रेचा पूर मोजायचा आणि त्यासाठी ओटाव्याकडे हात पसरायचा!

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि एकदम घाई उडाली. सागरी सीमा रात्रंदिवस पाहता आली पाहिजे, हे सगळ्यांना पटले. आपला स्वतःचा रडार उपग्रह अजून तयार नव्हता. म्हणून इस्रायलचे रडार असलेला सुमारे ३०० किलो वजनाचा रिसॅट-२ हा २० एप्रिल २००९ रोजी आधी सोडण्यात आला. क्रमांक दोनचा उपग्रह क्रमांक एकच्या तीन वर्षे अगोदर वर गेला, याचे कारण हे. आपल्या बांधणीचा रिसॅट-१ हा २६ एप्रिल २०१२ रोजी श्रीहरिकोट्याहून पी.एस.एल.व्ही.-सी १९ ने नेला. वजन १,८५८ किलो. तोपर्यंत या प्रक्षेपकाने एवढे ओझे उचलले नव्हते.

या दोघांच्या वाटांची तुलना करण्यासारखी आहे. रिसॅट-२ ची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ४१ अंशांनी कललेली होती. म्हणजे तो ध्रुवांकडे फिरकतच नसे. आपल्याच पट्ट्यावरून वर-खाली येरझाऱ्या घाली. पहारेकऱ्याला हेच हवे असते. पुढे २२ मे २०१९ चा रिसॅट-२बी आणि त्याची भावंडे ३७ अंशांच्या कक्षेत ठेवली गेली, तीही याच विचाराने. रिसॅट-१ चे काम वेगळे. त्याला सगळी भूमी ठरावीक वेळी, ठरावीक कोनातून मोजायची होती. म्हणून तो ५३६ किलोमीटर उंचीवर, जवळजवळ ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत फिरे आणि सकाळी सहा व संध्याकाळी सहाच्या सुमारास खालचा प्रदेश ओलांडी.

सहाचीच वेळ का? रडारला तर उजेड लागत नाही! इथे बांधणी आणि कक्षा यांची गाठ पडते. रडार उजेड मागत नाही, पण वीज फार मागते. सहा-सहाच्या कक्षेत उपग्रह दिवस आणि रात्र यांच्या सीमारेषेवरून चालतो. तिथे सूर्य नेहमीच एका बाजूला असतो. सौरपंखांवर बहुतेक सगळा वेळ ऊन राहते. दोन राज्यांच्या सीमेवर घर असलेल्या माणसाला दोन्हीकडच्या बाजारांचा फायदा मिळतो, तसेच काहीसे. आता पृथ्वी सूर्याभोवती फिरत असताना ही गाठ वर्षभर टिकायची कशी? त्यासाठी कक्षेचे प्रतल रोज सुमारे एक अंश सरकले पाहिजे. ते इंधन जाळून सरकवावे लागत नाही. पृथ्वी विषुववृत्ताशी किंचित फुगीर आहे. कक्षेचा कल ९८ अंशांच्या आसपास ठेवला तर त्या फुगीर भागाच्या ओढीने प्रतल आपोआप तेवढेच सरकते. निसर्गाच्या एका व्यंगाचा इतका नेमका उपयोग दुसऱ्या कुठल्या विद्येने केला असेल असे मला वाटत नाही.

रिसॅट-१ ची अँटेना म्हणजे सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असा सपाट फळा. उड्डाणाच्या वेळी तीन भागांत दुमडलेला, वर गेल्यावर उलगडलेला. त्यावर शेकडो लहान प्रक्षेपक-ग्राहक बसवलेले. त्यांची वेळ मागेपुढे करून झोत हवा तिकडे वळवता येई. हवे तर दहा किलोमीटरचा तुकडा एक मीटरपर्यंत बारकाईने पाहावा, हवे तर २२३ किलोमीटरचा पट्टा ढोबळ पाहावा. उपग्रह खाली सरळ न पाहता एका बाजूला कलून पाहतो, हेही ध्यानात घेण्यासारखे. सरळ खाली पाहिले तर डावीकडच्या आणि उजवीकडच्या वस्तूंचे प्रतिध्वनी एकाच वेळी येतील आणि गोंधळ होईल.

पाच वर्षांसाठी बांधलेल्या रिसॅट-१ चे काम २०१७ पर्यंत संपले होते. त्याची जागा घेणारा ई.ओ.एस.-०४ गेला १४ फेब्रुवारी २०२२ ला. या दोन तारखांच्या मधोमध ३१ जुलै २०१९ येते, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. रिसॅट-२बी त्या वेळी वर होता, पण तो लहान तुकडे बारकाईने पाहणारा. सगळे खोरे एका नजरेत घेणारा आपला उपग्रह त्या पावसाळ्यात नव्हता. युरोपच्या सेंटिनेल-१ च्या प्रतिमा जगात कुणालाही फुकट मिळतात, म्हणून निभावले. एखादी गोष्ट एकदा करून दाखवणे आणि ती अखंड चालू ठेवणे यांत आपल्याकडे नेहमी अंतर पडते. हा दोष फक्त अवकाशाच्या कामातला नाही. पण तिथे तो तारखेनिशी दिसतो.

यानंतरचा अध्याय निसारचा. भारत आणि अमेरिका यांच्या अवकाश संस्थांनी ३० सप्टेंबर २०१४ रोजी टोरांटो येथे करार केला आणि उपग्रह सुटला ३० जुलै २०२५ रोजी, श्रीहरिकोट्याहून जी.एस.एल.व्ही.-एफ १६ ने. मध्ये जवळजवळ अकरा वर्षे गेली. एकाच उपग्रहावर दोन रडारे: चोवीस सेंटीमीटर लहरीचे अमेरिकेचे, आणि साडेनऊ सेंटीमीटरच्या आतबाहेरचे अहमदाबादचे. लांब लहर झाडांच्या पानांतून आत शिरून खोडापर्यंत जाते. आखूड लहर पिकांशी आणि हलक्या झाडोऱ्याशी बोलते. अशी जोडी अहमदाबादने त्याआधी चांद्रयान-२ वर चंद्राभोवती पाठवली होती, पण पृथ्वीसाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर ती प्रथमच.

दोन्ही रडारे एकच परावर्तक वापरतात. तो बारा मीटर व्यासाचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांच्या जाळीचा. सुरतेची जर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. २०२४ मध्ये या घडी केलेल्या परावर्तकाला उन्हाचा ताप सोसणार नाही अशी शंका आली; तो परत अमेरिकेला पाठवून त्यावर लेप दिला गेला आणि उड्डाण तेवढे लांबले. वर गेल्यावर आधी नऊ मीटरचा हात सांध्यासांध्याने उघडला आणि १५ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच्या टोकावर मिटलेली ती जाळी छत्रीसारखी फुलली. चारच दिवसांनी, १९ ऑगस्टला, अहमदाबादच्या रडारने घेतलेली पहिली प्रतिमा आंध्रातील गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाची होती. त्र्यंबकेश्वराला उगम पावणारी नदी समुद्राला मिळते तिथली खारफुटी, शेते, मत्स्यतळी ढगांच्या मोसमात स्वच्छ उमटली.

निसारची कक्षा ७४७ किलोमीटर उंचीची, सहा-सहाची. शंभर मिनिटांत एक फेरी. बारा दिवसांत १७३ फेऱ्या, आणि तेराव्या दिवशी पुन्हा त्याच वाटेवर, तेही मागच्या वाटेपासून काही शे मीटरच्या आत. हा हट्ट कशासाठी? एकाच ठिकाणाहून घेतलेल्या दोन प्रतिमांतील लहरींची तुलना केली, तर मधल्या काळात जमीन सेंटीमीटरभर जरी सरकली तरी कळते. १९९२ च्या कॅलिफोर्नियातील लँडर्सच्या भूकंपाचा असा पहिला नकाशा १९९३ साली छापला गेला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला आपल्याकडे किल्लारी झाली. त्या पहाटेची बातमी ज्यांनी रेडिओवर ऐकली त्यांना ही दोन वर्षे एकमेकांशेजारी ठेवून पाहायला नको वाटेल.

आता पुन्हा पुराकडे. संथ पाणी रडारच्या प्रतिमेत काळे दिसते. तिरकी आलेली लहर आरशावरून जावी तशी पुढे निघून जाते, परत फिरत नाही. त्यामुळे विश्वामित्री-ढाढरच्या काठची बुडलेली शेते काळ्या डागासारखी ओळखू येतात. शहरात मात्र उलट घडते. पाण्यावरून उसळलेली लहर घराच्या भिंतीवर आपटते आणि आल्या वाटेने परत जाते. तिथे काळ्याऐवजी लखलखीत पांढरे उमटते. कोरडी भिंतही थोडीफार तशीच चमकते. आणि नागरवाड्यासारख्या जुन्या वस्तीत तर गल्ली जेमतेम एका रिक्षेची, दोन्ही अंगांना दोन-तीन मजली घरे, त्यांचे सज्जे पुढे आलेले. तिरकी लहर जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. गल्ली घरांच्या सावलीत राहते. आतेबहिणीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच अवघड आहे. वडसरच्या शेतात पाणी किती पसरले हे साडेसातशे किलोमीटरवरून सांगता येते. तिच्या ओट्याला पाणी लागले की नाही, हे सांगणे अजून जमत नाही. सभोवतालच्या मोकळ्या जागांचे पाणी आणि जमिनीची उंची ताडून अंदाज बांधावा लागतो.

नववीच्या वर्गात हे सगळे फळ्यावर काढून सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, पूर तर दोन दिवसांत उतरतो. बारा दिवसांनी येणाऱ्याचा काय उपयोग?" त्याचे घर उकाईच्या फुगवट्याच्या काठी आहे, प्रश्न पुस्तकातला नव्हता. एका जागेवरून निसार बारा दिवसांत साधारण दोनदा जातो, एकदा उत्तरेकडे चढताना, एकदा दक्षिणेकडे उतरताना. मधल्या दिवसांसाठी ई.ओ.एस.-०४ आहे, युरोपचे सेंटिनेल आहेत. ही भर वाढावी म्हणून ई.ओ.एस.-०९ हा आणखी एक रडार उपग्रह १८ मे २०२५ रोजी सोडला होता. प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन तो गेला. मुलाने बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाला, "म्हणजे रोज एक पाहिजे तर अजून पुष्कळ लागतील." मी हो म्हणालो.

उपग्रहावरून काढलेला पुराचा नकाशा बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी शेवटी जमिनीवरची मोजमापे लागतात. पाणी कुठल्या दिवशी, कुठल्या जागी, किती चढले याची. जुन्या गल्ल्यांत तर त्यावाचून चालत नाही. नागरवाड्याच्या त्या घरात जिन्याच्या भिंतीवर आतेबहिणीने पेन्सिलीने रेघा मारून तारखा घातल्या आहेत. २०१९ ची रेघ दुसऱ्या पायरीशी आहे, २०२४ ची चौथ्या. त्याआधीच्या रेघा आत्याने मारल्या होत्या. त्या एका दिवाळीला चुना देताना गेल्या.